रेड ५ ॲरे कोसळला, फाइल सिस्टिम उघडेना: डेटा परत कसा मिळवायचा

लग्नसराईत एका फोटो स्टुडिओतून रात्री उशिरा फोन आला. "दादा, सर्व्हरवर फोल्डरच दिसेनात. दोनदा बंद करून चालू केला, तरी नाही." मी म्हटलं, आता तिसऱ्यांदा चालू करू नका. वायर काढून ठेवा, मी सकाळी येतो.

त्या सर्व्हरमध्ये ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क होत्या. लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड ५, म्हणजे एक डिस्क गेली तरी चालू राहणारा डिस्कचा जुळवलेला संच (ॲरे), आणि त्यावर ईएक्सटी४ फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी रचना. छोट्या ऑफिसात, प्रेसमध्ये, स्टुडिओत अशी मांडणी सर्रास असते, म्हणून हा लेख तेच उदाहरण धरून लिहिला आहे. हार्डवेअर रेड कार्ड असेल तर कमांड वेगळ्या, पण क्रम हाच.

क्रमालाच सगळं महत्त्व आहे. बिघाड दोन मजली असतो. खाली ॲरे, वर फाइल सिस्टिम. खालचा मजला वाकडा असताना वरच्या भिंती सरळ करायला गेलात, तर जे उभं आहे तेही पडतं. नवीन माणूस घाबरून आधी एफएससीके (फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी कमांड) चालवतो, कारण स्क्रीनवर एरर फाइल सिस्टिमची दिसत असते. ते टाळलंत तर अर्धी लढाई जिंकलात.

कमांडची आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना प्रत्येक कमांडचं मॅन पेज शेजारच्या खिडकीत उघडं ठेवा आणि एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचा.

पहिला तास

मूळ डिस्कवर एक बाइटसुद्धा लिहायचा नाही. रीबिल्ड (ॲरेची फेरबांधणी) सुरू करायचं नाही, नवी डिस्क घालायची नाही, "एफएससीके वाय" (दुरुस्तीच्या सगळ्या प्रश्नांना "हो") तर मुळीच नाही. मशीन परत चालू केलं तर बूट होताना एफएससीके आपोआप सुरू होऊ शकतं, म्हणून त्याच सिस्टिमवरून बूट न करता सिस्टिमरेस्क्यूसारख्या लाइव्ह यूएसबीवरून करा. बूट झाल्यावर आधी प्रॉक फोल्डरातली एमडीस्टॅट फाइल बघा. ॲरे अर्धवट जुळलेला दिसला तर "एमडीएडीएम स्टॉप" देऊन तो थांबवा (एमडीएडीएम ही लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडची कमांड).

डिस्क बाहेर काढण्याआधी प्रत्येकीवर मास्किंग टेप लावून पोर्टचा क्रमांक लिहा, लेबलवरचा सिरियल नंबर वहीत उतरवा आणि केबलसकट फोटो काढा. एसडीए, एसडीबी ही नावं बूटगणिक बदलू शकतात, सिरियल नंबर बदलत नाही. पुढे सगळीकडे डिस्क ओळखायची ती सिरियल नंबरवरूनच.

डिस्कमधून टकटक किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल तर इथेच थांबा. ती परत चालू करू नका. हेड (वाचणारं टोक) प्लॅटरला (फिरत्या चकतीला) घासत असेल तर चालू असलेलं प्रत्येक मिनिट डेटा खरवडून काढतं. अशी डिस्क क्लीनरूम असलेल्या लॅबकडेच जायला हवी. खर्च मोठा असतो, तो परवडेल का हे डेटाच्या मालकाने ठरवायचं, आपण नाही.

डिस्क काय सांगतात ते आधी ऐका

"स्मार्टसीटीएल" कमांडने प्रत्येक डिस्कची तब्येत बघा. चार ओळींकडे लक्ष द्या. क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल बाकी असलेले सेक्टर, १९८ म्हणजे ऑफलाइन तपासणीत वाचता न आलेले सेक्टर. चौथी ओळ १९९ ची, सीआरसी एररची. फक्त १९९ वाढलेला असेल आणि बाकी तिन्ही शून्य असतील, तर बहुतेक वेळा दोष डिस्कचा नसून केबलचा किंवा कनेक्टरचा असतो. केबल बदलून बघा.

डिस्क पूर्ण खराब नसतानाही ॲरेबाहेर फेकली जाऊ शकते. घरगुती वापराच्या डिस्क एखादा नाठाळ सेक्टर वाचायला मिनिटभरसुद्धा झगडत राहतात. लिनक्स मात्र साधारण ३० सेकंद वाट बघतं, मग डिस्क रिसेट करायला जातं, आणि तरीही ती उत्तर देत नसेल तर ॲरे तिला बाद ठरवतो. चांगली, पण हट्टी डिस्क अशी बाहेर पडते.

आता सगळ्यात मोलाचा कागद. प्रत्येक डिस्कवर "एमडीएडीएम एक्झामिन" चालवा आणि त्याचं आउटपुट पेनड्राइव्हवर सेव्ह करा. ही कमांड फक्त वाचते, काही लिहीत नाही. त्यात ॲरेचा यूयूआयडी (ओळख क्रमांक), रेडची पातळी, चंक साइज (एका डिस्कवर सलग लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा आकार), लेआउट, डेटा ऑफसेट (डिस्कवर डेटा जिथून सुरू होतो ती जागा), त्या डिस्कचा ॲरेमधला क्रमांक, शेवटच्या अपडेटची वेळ आणि इव्हेंट काउंट असतो. इव्हेंट काउंट म्हणजे ॲरेच्या नोंदवहीचा चालू आकडा. ॲरेच्या स्थितीत बदल झाला की तो पुढे सरकतो. डिस्क बाहेर पडली की तिच्यावरचा आकडा तिथेच गोठतो.

स्टुडिओतल्या डिस्कवर हे दिसलं: पहिली ४८२१३, दुसरी ४८२१३, चौथी ४८२०९ आणि तिसरी १७९६०. पहिल्या दोघींची वेळ आदल्या रात्रीची. चौथीची त्याच रात्रीची, काही सेकंद आधीची. तिसरीची तारीख मात्र तीन महिन्यांपूर्वीची. म्हणजे तिसरी डिस्क तीन महिन्यांपूर्वीच बाहेर पडली होती. ॲरे तीन पायांवर चालत राहिला आणि कुणाला कळलंही नाही. आदल्या रात्री चौथी गेली तेव्हा सगळं बंद पडलं.

ॲरे स्टेटची ओळही हीच गोष्ट सांगते. तिसऱ्या डिस्कच्या लेखी चौघी जिवंत, म्हणजे चार ए. चौथीच्या लेखी फक्त तिसरी गेलेली, म्हणून तिसऱ्या जागी टिंब. पहिल्या दोघींवर शेवटच्या दोन्ही जागी टिंबं. प्रत्येक डिस्क तिने शेवटचं जे पाहिलं तेवढंच सांगते. चारही कागद शेजारी ठेवून वाचले की घटनांचा क्रम आपोआप उलगडतो.

यातून निर्णय असा निघाला: ॲरे जुळवायचा तो पहिली, दुसरी आणि चौथी घेऊन. तिसरीला हात लावायचा नाही. रेड ५ मध्ये प्रत्येक पट्ट्यात तीन डिस्कवर डेटा आणि एकीवर त्यांची एक्सऑर पॅरिटी (हरवलेला भाग परत काढून देणारा हिशेब) असते, त्यामुळे कुठल्याही तीन डिस्क पुरतात. पण त्या तिन्ही एकाच काळातल्या हव्यात. तीन महिने शिळी डिस्क त्यांच्यात मिसळली तर नव्या आणि जुन्या डेटाची खिचडी होते, आणि ती नंतर वेगळी करता येत नाही.

नक्कल

इथे पैसे वाचवू नका. तेवढ्याच किंवा मोठ्या रिकाम्या डिस्क आणा आणि जीएनयू डीडीरेस्क्यूने प्रत्येक डिस्कची नक्कल काढा. किमान ज्या तीन वापरायच्या आहेत त्यांची तरी काढाच. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तर ४ टीबीला साडेसात तासांच्या आसपास लागतात. खराब डिस्कला कितीतरी जास्त.

पहिल्या फेरीत "एन" पर्याय द्या, म्हणजे अडलेल्या जागांवर रेंगाळत न बसता सहज वाचता येतं ते सगळं आधी उचललं जातं. दुसऱ्या फेरीत "डी" आणि "आर ३" देऊन अडलेल्या जागी तीनदा प्रयत्न करा. दोन्ही फेऱ्यांना मॅपफाइल एकच द्या आणि ती तिसऱ्याच जागी, पेनड्राइव्हवर ठेवा. कुठला भाग वाचला आणि कुठला राहिला याची नोंद तिच्यात असते. वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. मॅपफाइल न देता सुरुवात केलीत तर पुन्हा पहिल्यापासून.

नक्कल थेट डिस्कवर काढताना "एफ" पर्याय द्यावा लागतो आणि धोका तिथेच आहे. कमांडमध्ये आधी मूळ, मग नवी. उलटं झालं तर रिकामी डिस्क मूळ डेटावर लिहिली जाते. मी दोन्ही सिरियल नंबर मोठ्याने वाचतो आणि शेजारच्या माणसाला वहीतल्या नंबरांशी ताडायला सांगतो. इतकी वर्षं झाली तरी अजूनही सांगतो.

दुसऱ्या फेरीनंतरही जे सेक्टर वाचता आले नाहीत, तिथे नव्या डिस्कवर शून्यं राहतात. ॲरेला ती शून्यं खरा डेटाच वाटतात, कारण नवी डिस्क ती विनातक्रार वाचून देते. आपल्या उदाहरणात तीनच डिस्क असल्याने दुसरा पर्याय नव्हता. पण तुमच्या ॲरेतली एकच डिस्क बिघडली असेल आणि बाकी सगळ्या धडधाकट असतील, तर भोकं पडलेली नक्कल जोडू नका. तिला बाहेर ठेवा, पॅरिटी तिचा भाग अचूक भरून काढते.

नकला झाल्या की मूळ डिस्क मशीनमधून काढून कपाटात ठेवा. फक्त सुरक्षिततेसाठी नव्हे. नकलेवरचा यूयूआयडी मूळ डिस्कसारखाच असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र जोडलेल्या असल्या तर सिस्टिम कुठली उचलेल याचा भरवसा नाही.

ट्रेसिंग पेपर

आता नकलेवरही थेट काम करायचं नाही. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा मारतात, तसा प्रत्येक नकलेवर एक थर ठेवायचा. वाचताना खालची नक्कल दिसते, लिहिलेलं मात्र वरच्या थरावर जातं. चुकलं तर कागद फाडून नवा घ्यायचा, खालचा नकाशा तसाच राहतो.

करायचं असं. "ब्लॉकडेव्ह सेटआरओ" देऊन नकला फक्त वाचण्यापुरत्या ठेवा. "ट्रंकेट" कमांडने प्रत्येक नकलेसाठी एक पोकळ फाइल बनवा, ५० जीबी कमाल मर्यादेची. ती लगेच ५० जीबी जागा खात नाही, लिहिलं जाईल तेवढीच खाते. "लॉसेटअप" देऊन ती लूप डिव्हाइस म्हणून जोडा. मग "डीएमसेटअप क्रिएट" मध्ये स्नॅपशॉट प्रकार निवडून खाली नक्कल आणि वर लूप डिव्हाइस अशी जोडी लावा. तयार झालेली डिव्हाइस मॅपर फोल्डरात दिसतील. यापुढे सगळं काम त्यांच्यावरच. मधूनमधून "डीएमसेटअप स्टेटस" बघत जा. थर भरून वाहिला तर तो स्नॅपशॉट बाद होतो आणि नव्याने सुरुवात करावी लागते.

पहिल्यांदा हे करायला तासभर जातो आणि कंटाळा येतो. पण एकदा लावलं की हातापायांतली भीती जाते आणि प्रयोग करता येतात.

ॲरे जुळवणं

"एमडीएडीएम असेंबल" ला "फोर्स" आणि "रन" हे पर्याय जोडून पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या डिस्कचे थर द्या. फोर्समुळे चौथीचा चार आकड्यांनी मागे पडलेला इव्हेंट काउंट बाकीच्यांच्या बरोबर आणला जातो. चार इव्हेंटचा फरक म्हणजे शेवटच्या काही क्षणांतलं लिखाण गेलं असेल, तेवढंच. एमडीस्टॅटमध्ये यू, यू, अंडरस्कोर, यू असं दिसलं की ॲरे तीन पायांवर उभा राहिला.

इथे एक कळकळीची सूचना. असेंबल जमलं नाही की इंटरनेटवर "क्रिएट" करा असे सल्ले मिळतात. क्रिएट म्हणजे नवा ॲरे. डिस्कचा क्रम, चंक साइज, डेटा ऑफसेट, सुपरब्लॉकची (डिस्कवरच्या ॲरेच्या माहितीच्या नोंदीची) आवृत्ती यातलं एक जरी चुकलं तरी डेटा कचऱ्यासारखा दिसतो. शिवाय "अझ्यूम क्लीन" (डिस्क जुळलेल्याच आहेत असं धर) द्यायचं राहिलं तर रीबिल्ड सुरू होऊन एका डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. जुन्या एमडीएडीएममध्ये चंक आपोआप ६४ केबी असायचा, ३.१ आवृत्तीपासून तो ५१२ केबी झाला. जुना ॲरे नव्या मशीनवर "तसाच" बनवायला गेलेले लोक इथेच फसतात. सुपरब्लॉक पुसले गेले असतील तरच क्रिएट, तेही थरावर आणि एक्झामिनचा कागद समोर ठेवून.

दुरुस्तीआधी बघणं

ॲरे उभा राहिला, पण अजून दुरुस्ती नाही. "ब्लकआयडी" चालवून ॲरेवर काय ओळखू येतं ते बघा. एलव्हीएम (ॲरे आणि फाइल सिस्टिम यांच्यामधला जागावाटपाचा थर) दिसलं तर आधी व्हॉल्यूम ग्रुप चालू करा. मग "आरओ" आणि "नोलोड" पर्याय देऊन माउंट करून (फाइल सिस्टिम वापरासाठी जोडून) पाहा. नोलोडमुळे जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) चालवलं जात नाही. ईएक्सटी४ ऐवजी एक्सएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर त्याच अर्थाचा शब्द "नोरिकव्हरी".

माउंट झालं तर दुरुस्तीचा विचारही करू नका. आधी सगळं "आरसिंक" ने दुसऱ्या जागी उतरवून घ्या. एफएससीकेचं काम फाइल सिस्टिमची रचना सुसंगत करणं, तुमच्या फाइल वाचवणं नव्हे. हिशेब जुळत नसेल तर ते एखादी नोंद सरळ उडवून हिशेब जुळवतं. म्हणून जे हाती लागतं ते आधी काढून घ्यायचं.

माउंट झालं नाही, किंवा काही फोल्डर एरर देत असतील, तर "ई२एफएससीके" ला (ईएक्सटी४ साठीचं एफएससीके) "एफ" आणि "एन" द्या. एन म्हणजे सगळ्या प्रश्नांना "नाही" असं उत्तर, लिहायचं काहीच नाही. आउटपुट फाइलमध्ये साठवा आणि शांतपणे वाचा. या फेरीत जर्नल चालवलेलं नसतं, त्यामुळे चुका प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतात, हे ध्यानात ठेवा.

मोकळ्या ब्लॉकची संख्या चुकलेली, काही डझन अनाथ इनोड (इनोड म्हणजे प्रत्येक फाइलची फाइल सिस्टिममधली मूळ नोंद), एखाद्या फोल्डरची नोंद तुटलेली: अचानक बंद पडलेल्या फाइल सिस्टिमचं हे नेहमीचं दुखणं आहे, घाबरू नका. पण स्क्रीनवर स्क्रीन भरून हजारो अवैध ब्लॉक आणि एकामागून एक इनोड कचरा दिसत असतील, तर दोष फाइल सिस्टिमचा नाही. खालचा ॲरेच चुकीचा जुळला आहे. डिस्कचा क्रम किंवा चंक चुकलाय, नाहीतर शिळी डिस्क आत शिरलीय. मागे फिरा, थर फाडा, पुन्हा जुळवा. याच ठिकाणी "वाय" दाबलं तर एफएससीके तो कचराच खरा मानून चांगल्या नोंदी पुसत सुटतं.

फाइल सिस्टिमचा मुख्य सुपरब्लॉक (तिच्या रचनेची मूळ नोंद, ॲरेच्या सुपरब्लॉकहून वेगळी) खराब असल्याचं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, ईएक्सटी४ त्याच्या प्रती ठेवतं. ४ केबी ब्लॉकच्या फाइल सिस्टिमवर पहिली प्रत ब्लॉक ३२७६८ वर असते, नंतरच्या ९८३०४, १६३८४०, २२९३७६ वगैरे ठिकाणी. ई२एफएससीकेला लहान लिपीतल्या "बी" पर्यायाने प्रतीचा ब्लॉक आणि मोठ्या लिपीतल्या "बी" ने ब्लॉकची साइज ४०९६ सांगा.

खरी दुरुस्ती

आता थरावर "ई२एफएससीके" ला "एफ" आणि "वाय" द्या. पाच फेऱ्या होतात: इनोड आणि त्यांचे ब्लॉक, फोल्डरच्या नोंदी, फोल्डर एकमेकांना जोडलेले आहेत का, प्रत्येक इनोडला किती ठिकाणाहून नावं आहेत, आणि शेवटी मोकळ्या जागेचा हिशेब. पहिल्या फेरीनंतर 1बी, 1सी, 1डी अशा उपफेऱ्या दिसल्या तर एकच ब्लॉक दोन फाइलींनी आपला म्हटलेला आहे. त्या फाइलींची नावं टिपून ठेवा, दोघींपैकी एक बहुधा खराब असते.

मोठ्या फाइल सिस्टिमला रॅम पुष्कळ लागते. ८ जीबीच्या मशीनवर मध्येच गुदमरलं तर स्वॅप वाढवा. संपल्यावर एक्झिट कोड बघा: ० म्हणजे चूक नाही, १ म्हणजे चुका दुरुस्त झाल्या, ४ म्हणजे काही राहिल्या. ० येईपर्यंत पुन्हा चालवा.

एक्सएफएस असेल तर कमांड "एक्सएफएस रिपेअर", आधी "एन" देऊन. तिला जर्नल आधी चालवलेलं हवं असतं, म्हणून थरावर एकदा साधं माउंट करून काढा. मोठ्या लिपीतला "एल" जर्नलच पुसून टाकतो, तो अगदी शेवटी. बीटीआरएफएस आणि झेडएफएसचं तंत्र निराळं आहे, त्यांना हे लागू नाही.

लॉस्ट+फाउंड

दुरुस्तीनंतर माउंट करा आणि लॉस्ट+फाउंड उघडा. ज्यांचं नाव हरवलं ते इथे येतात, हॅश चिन्ह आणि पुढे इनोड क्रमांक अशा नावाने. स्टुडिओच्या डिस्कवर इथे चाळीसेक नोंदी होत्या. त्यातली एक उघडली तर आत अख्खं लग्न निघालं: हळद, मुहूर्त, वरात अशी पोटफोल्डर जशीच्या तशी, आतल्या फाइलींची नावंही शाबूत. हरवलं होतं फक्त सगळ्यात वरचं नाव. फोल्डर सापडलं की आतली नावं सहसा टिकतात, म्हणून आधी फोल्डर बघा, सुट्या फाइल मागाहून.

सुट्या फाइलींचा प्रकार "फाइल" कमांड सांगते. फोटो असतील तर "एक्झिफटूल" आतली काढल्याची तारीख दाखवतं, तारखेवरून कार्यक्रम कळतो, आणि स्टुडिओच्या बुकिंग वहीशी ताडून पाहिलं की कुटुंबही. हे काम मशीनचं कमी आणि स्टुडिओवाल्यांचं जास्त. त्यांना शेजारी बसवा.

उघडली म्हणजे फाइल धड आहे असं समजू नका. जेपेगच्या मध्ये सेक्टर गेला असेल तर वरचा अर्धा फोटो स्वच्छ आणि खाली राखाडी पट्टा दिसतो, किंवा रंग सरकलेले असतात. लघुचित्रात ते दिसत नाही, कारण ते फाइलमध्ये वेगळं साठवलेलं असतं. "जेपेगइन्फो" ला "सी" देऊन सगळ्या फाइल तपासा आणि नापास झालेल्यांची यादी मालकाला लेखी द्या. एवढं करूनही काही फोल्डर मिळाली नाहीत तर फोटोरेक. ते नाव आणि फोल्डर सोडून थेट डेटा ओळखतं. तुकड्यांत विखुरलेल्या मोठ्या व्हिडिओ फाइल त्यातून क्वचितच धड येतात, हे मालकाला आधीच सांगून ठेवा.

नवा ॲरे

डेटा दुसरीकडे उतरला, मालकाने चार-पाच फोल्डर स्वतः उघडून पाहिली, की मगच नवा ॲरे बांधा. १९७ किंवा १९८ वाढलेली डिस्क परत वापरू नका. जमत असेल तर रेड ६ करा, दोन डिस्क गेल्या तरी चालतो. डिस्कला चालत असेल तर "स्मार्टसीटीएल" च्या "एससीटीईआरसी" पर्यायाला ७०,७० द्या, म्हणजे ती सात सेकंदांत हार मानते आणि ॲरे पॅरिटीवरून तो सेक्टर भरून काढतो. बऱ्याच डिस्कवर बंद-चालू केल्यावर ही सेटिंग पुसली जाते, म्हणून ती बूटच्या स्क्रिप्टमध्ये घाला. महिन्यातून एकदा ॲरेच्या "सिंक ॲक्शन" फाइलमध्ये "चेक" लिहून सगळा ॲरे वाचून घ्या. डेबियनमध्ये हे काम महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होतं. आणि ॲरेबाहेर, दुसऱ्या इमारतीत, एक बॅकअप.

स्टुडिओतली तिसरी डिस्क तीन महिने बाहेर होती आणि ते सांगणारी मेल कुणाला जात नव्हती. एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये "मेलॲडर" ची ओळ भरा. मग "मॉनिटर" ला "स्कॅन", "वनशॉट" आणि "टेस्ट" हे पर्याय देऊन चाचणीची मेल पाठवा. ती मालकाच्या मोबाइलवर आलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघा, स्पॅममध्ये गेली असेल तर बाहेर काढा, आणि तेव्हाच तिथून निघा.